पाच फूट सात इंचांचं दार

पनवेलच्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या दाराची उंची पाच फूट सात इंच होती. हा आकडा मला पाठ आहे, कारण ते माप घेताना टेपचं वरचं टोक मी धरलं होतं आणि खालचं बाबांनी. बाबांची स्वतःची उंची पाच फूट अकरा इंच. घरात शिरताना आणि घराबाहेर पडताना त्यांना वाकावं लागे, आणि तेही समोर नाही, डाव्या खांद्यावर मान टाकून, कारण चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मधोमध एक डाळिंब कोरलेलं होतं आणि ते पट्टीच्या खाली दोन बोटं उतरलेलं होतं. सुतार लोक त्या पट्टीला गणेशपट्टी म्हणतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे आमच्या गणेशपट्टीवर गणपती नव्हता, डाळिंब होतं. पण नाव तेच. आई, मी आणि बेनकाका त्या दारातून ताठ मानेनं ये-जा करायचो. घरात वाकणारे एकटे बाबा.

ती चौकट बेनकाकांनी केली होती. बेनकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बिन्यामिन. काकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्यातच राहायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकी करायचे. आजोबांनी कौलारू घर बांधलं तेव्हा काका नुकते धंद्याला लागले होते आणि बाबा शाळेत होते. घराच्या पुढच्या बाजूचं सगळं लाकूडकाम काकांनी हौसेनं केलं: ओटीच्या खांबांवर द्राक्षांचे वेल, कठड्याला कातीव गज, कौलांच्या कडेखाली कातरकामाची झालर. झालरीच्या एका कोपऱ्यात एक पापलेट कोरलेलं होतं. ते तिथे का, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "त्या दिवशी आमच्या आईनं पापलेटाचं कालवण केलं होतं." याहून दुसरं कारण नव्हतं. चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, त्यांनी एक तिरपी खोबण कोरली होती आणि तिच्यात मेझुझा बसवला होता, म्हणजे आमच्या प्रार्थनेचा चर्मपत्रावर लिहिलेला तुकडा ज्यात असतो ती छोटी डबी. येता-जाता आम्ही तिला बोटं लावून ओठांशी न्यायचो. बोटं लागून लागून खोबणीच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

बाबा एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या टाक्या, शाळांच्या खोल्या, कर्मचाऱ्यांची घरं असले नकाशे काढायचे. कचेरीत परदेशी बांधकामाची जुनी मासिकं यायची, ती साहेबांची वाचून झाली की बाबा घरी आणायचे. पांढऱ्या सपाट भिंती, लांब आडव्या खिडक्या, कुठे वेल नाही, पान नाही, कंगोरा नाही. जेवण झाल्यावर ते मला एकेक चित्र दाखवायचे. "बघ मिलू, यातली कुठलीही एक वस्तू काढून घे. घर अडेल. म्हणजे जादा काहीच नाही." मग आमच्या ओटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "आता यातलं काढायला सुरुवात कर. काय अडेल?" मला ते पटायचं. मी सोळा वर्षांची होते, गणितात बरी होते, आणि जे मोजता येतं ते खरं असं मला वाटायचं. आजही मी जासईच्या एका माल-गोदामात हिशेब बघते, तिथे खिडकीतून वीस फुटी आणि चाळीस फुटी कंटेनरांची चवड दिसते. बाबांना हव्या असलेल्या घराचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही. त्या पेट्यांवर खरंच जादा काही नसतं.

काका आपल्या ताटातून मान वर न करता ऐकायचे. एकदा म्हणाले, "दाविद, तुझ्या चित्रातल्या घरात माणूस कुठाय?"

"आत असेल."

"मग बाहेरून कसं कळायचं कुणाचं घर ते?"

"नंबर असतो, दादा."

"आणि नंबर पुसला गेला तर?"

आई म्हणाली, "तर घरी या जेवायला. भात वाढू?"

आईचा कल मात्र नव्या घराकडे होता. चूल जमिनीवर, बसून स्वयंपाक, वर काजळलेली कौलं. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, गव्हाच्या चिकाचा हलवा करायचा म्हणजे नारळाचं दूध आटेपर्यंत जमिनीवर बसून घाटायचं. तिचे गुडघे त्यानंच गेले असं ती म्हणायची. बाबांनी काढलेल्या आमच्या नव्या घराच्या नकाशात उभ्याचा ओटा होता, ओट्यासमोर खिडकी होती. नकाशा पाहून तिनं फक्त त्या खिडकीवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

बाबांचं नक्षीशी काय वाकडं होतं हे मला खूप नंतर उमगलं. सणापूर्वी घर साफ करताना नक्षीतली धूळ काढायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे होतं. कडुलिंबाच्या काडीला चिंधी गुंडाळून एकेक द्राक्ष, एकेक पान. त्यांना धुळीनं दमा व्हायचा. "कोरायचं त्यानं, पुसायचं मी," असं ते हसत सांगायचे, पण दर वर्षी सांगायचे. दाराबद्दलही तसंच. काका म्हणायचे, "मी दार केलं तेव्हा घरात सगळ्यांत उंच आपले वडील होते. त्यांच्या डोक्यावर दोन बोटं सोडून माप धरलं. तू तेव्हा एवढासा होतास." आणि हात कमरेपाशी धरायचे. बाबा म्हणायचे, "म्हणजे मी वाढायलाच नको होतं." यावर दोघंही हसायचे. मीही हसायचे.

घर पाडायचं ठरलं ते मात्र भांडणातून नव्हे. वाशांना वाळवी लागली होती आणि हे काकांनीच आधी सांगितलं. खांब, कठडा, झालर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली. पापलेटाचा तुकडा मला दिला. तो आज माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो, म्हणजे शेवटी त्यालाही काम मिळालं. बाकी लाकडाबद्दल ते काही बोलले नाहीत. एकच मागितलं. नकाशावर बाबांनी दारांना डी-वन, डी-टू असे नंबर दिले होते. काकांनी विचारलं, "यातली आपली चौकट कुठली?"

बाबा म्हणाले, "दादा, पुढचं दार सात फुटी आहे. ती बसायची नाही."

"मी उचलून देतो. खाली दगडाचा उंबरा घालू, वर झडपेची खिडकी काढू. उजेडही येईल. सात फूट भरून देतो तुला."

"वाकायचं राहीलच ना पण?"

"अरे, उंबऱ्यावर चढवली की वरून तेवढीच वर जाते. थोडंसं वाकावं लागेल."

बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे मला आणि आईला माहीत होतं. काकांनी ते होकार म्हणून घेतलं. पुढे सगळा उन्हाळा ते शेडमध्ये त्या चौकटीवर खपत होते. ऑइलपेंटचे जुने थर खरवडून काढले, तेव्हा खालून सागवानाचा मधासारखा रंग निघाला. नवं घर होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या खोलीतून मी त्यांचा डबा घेऊन जायचे, वालाचं बिरडं आणि भात, तेव्हा ते कानशीनं डाळिंबाचे दाणे उजळत बसलेले असायचे. बाबा बांधकामावर जाताना रोज त्या शेडवरून जायचे. त्यांना ते दिसत होतं. त्यांनी थांबवलं नाही, आणि का थांबवलं नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायचं नव्हतं. काम होत राहिलं.

त्याच दिवसांत गव्हाणचे काशिनाथशेट शेडमध्ये येऊ लागले. मिठागरं आणि शेती असलेलं घर, सरकारनं घेतलेल्या जमिनीचा मोबदला आलेला, गावात नवं सिमेंटचं घर चाललेलं. ते त्या चौकटीकडे बघतच राहायचे.

"बेनशेट, मना आशीच पायजे. निस्ती सपाट नको. लोकांना कललं पायजे का काशिनाथचं घर हाय."

"ही आमच्या घरची आहे. तुम्हाला दुसरी करतो."

"बरं, दुसरी. पन वर आसाच मोदक पायजे."

"मोदक नाही ते. डाळिंब आहे."

"मी मोदक बोलीन. तुमाला चालंल ना?"

"तुमच्या देवाला चालत असेल तर मला काय!"

काशिनाथशेटच्या कामाचं माप घ्यायला आणि जिन्याचा कठडा बसवायला काका गव्हाणला गेले ते तिथेच मुक्कामाला राहिले. इकडे आमच्या जोत्याचं काम पुरं झालं होतं. बांधकामात चौकट आधी उभी करतात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी भिंत चढवतात. भिंत एकदा चढली की चौकट बदलायची तर भिंत फोडावी लागते. बाबांनी लोखंडी चौकट मागवली होती. ती आली आणि गंगाराम मिस्त्रींनी लगेच उभी करायला घेतली, कारण पाऊस तोंडावर आला होता आणि त्यांची माणसं दुसऱ्या कामावर जायची होती. हे सगळं खरं आहे. गव्हाणची एस.टी. तासाभरात पोचायची, हेही खरं आहे.

मी ओळंबा धरून उभी होते. चौकट उभी राहिली, टेकू लागले. मिस्त्रींनी हात धुतले आणि म्हणाले, "घरातलं मोठं माणूस कुठंय? चौकटीला आधी मोठ्याचा हात लागायचा असतो. तुमच्यात असतं ना तसं?"

आमच्यात असतं. आजोबांनी जुन्या चौकटीला हात लावून आशीर्वाद म्हटला होता, त्याची गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती.

बाबा पुढे झाले. मग म्हणाले, "मीच आहे."

त्यांनी लोखंडावर तळवा टेकला, पुटपुटल्यासारखं म्हटलं, आणि मिस्त्रींच्या माणसांनी पहिली वीट लावली.

काका परत आले तेव्हा भिंत चौकटीच्या डोक्यावरच्या लिंटलपर्यंत गेली होती. मिस्त्री बिचारे सरळ मनाचे, त्यांनी उत्साहानं सांगितलं, "या शेठ! चौकट बसली. तुमची वाट बघणार होतो, पण साहेब म्हणाले घरात मोठा मीच आहे, हात लावला त्यांनी." काका त्या लोखंडी चौकटीतून आत गेले, चारी बाजूंनी फिरले, पुन्हा बाहेर आले. लोखंडावर बोटाच्या गाठीनं टकटक केलं. "सरळ आहे," म्हणाले. "एक सूतही चुकलेली नाही." मग शेडकडे गेले. त्या संध्याकाळी शेडमधून रंध्याचा आवाज आला नाही. आई बाबांना म्हणाली, "जा, बोला." बाबा म्हणाले, "काय बोलू? चौकट तर बसली." ती म्हणाली, "मी चौकटीचं म्हणत नाहीये."

पुढच्या आठवड्यात काशिनाथशेटचा टेम्पो आला आणि आमची चौकट गव्हाणला गेली. काकांनी मेझुझाची डबी तेवढी काढून आईच्या हातात दिली. दोन माणसं चौकट उचलत होती तेव्हा बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. काशिनाथशेट काकांना म्हणाले, "परत एकदा सांगतो, इचार करा. घरची हाय." काका म्हणाले, "घरात जागा नाही तिला. न्या."

घर चांगलं झालं. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ते घर वाईट होतं. ते गळलं नाही, ओल आली नाही, उन्हाळ्यात हवा खेळायची, आई पहिल्यांदाच उभी राहून, खिडकीतून बाहेर बघत स्वयंपाक करायला लागली. धूळ बसायला जागा नव्हती, बाबांचा दमा खरोखर कमी झाला. सर्वांत चांगली खोली, पूर्वेच्या खिडकीची, दहा बाय बाराची, नकाशावर पहिल्यापासून 'दादा' असं लिहून काकांसाठी ठेवलेली होती. काका एक रात्रही तिथे झोपले नाहीत. "शेडची सवय झालीय," म्हणायचे. जेवायला यायचे, आईशी बोलायचे, माझी चेष्टा करायचे, बाबांनाही हो-नाही म्हणायचे. लोखंडाला खिळा बसेना, म्हणून बाबांनी मेझुझा चौकटीला चिकटवला. दर पावसाळ्यात तो सुटायचा आणि बाबा तो पुन्हा चिकटवायचे.

नव्या घरातल्या पहिल्या दारफाळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी काय झालं ते मला नीट आठवतं. दारफाळणी म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. उपास असतो, सगळे पांढरे कपडे घालतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत घराचं दार बंद होतं. बंद होण्याआधी एकमेकांची माफी मागायची असते. त्याचं एक ठरीव वाक्य आमच्या घरात होतं: वर्षभरात बोलण्यात, वागण्यात काही चुकलं असेल तर माफ करा. धाकट्यानं थोरल्याला आधी म्हणायचं. आईनं उपासाआधीचं जेवण लवकर उरकलं होतं, ओट्यावर नारळाच्या दुधाचा वास होता. काका अंघोळ करून पांढऱ्या सदऱ्यात आले आणि उंबरा नसलेल्या त्या दारात उभे राहिले. बाबा आत, काका बाहेर. दोघांच्या डोक्यावर पुष्कळ जागा मोकळी होती.

बाबांनी पुढे होऊन काकांच्या पायांना हात लावला आणि ते वाक्य म्हटलं. शब्द न शब्द, जसं दर वर्षी म्हणायचे. मी आईकडे बघितलं. तिला वाटत होतं, मलाही वाटत होतं, की आता पुढे काहीतरी म्हणतील. 'दादा, त्या दिवशी' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. काका थांबले होते. त्यांनाही तसंच वाटत असावं. मग बाबा सरळ उभे राहिले, आणि काका म्हणाले, "माफ आहे. माझंही काही चुकलं असेल तर तूही माफ कर." "माफ आहे," बाबा म्हणाले. सगळं रीतीप्रमाणे झालं. मी दार लावलं. सपाट दार होतं, काहीही न अडकता बंद झालं. काका आमच्याबरोबर आत होते, त्या रात्री आणि दुसरा सगळा दिवस, भिंतीला पाठ टेकून प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसलेले. शिळ्या सणाला, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी, नातेवाइकांकडे जायची पद्धत असते. काका एकटेच गेले, आणि परत आल्यावर आईला म्हणाले की इस्रायलला जाण्यासाठी त्यांनी नाव दिलं आहे.

आमच्यातली बरीच घरं तेव्हा चाललीच होती, म्हणून कुणी कारण विचारलं नाही. बाबांनीही नाही. त्यांनी काकांची पेटी बांधून दिली, हत्यारं तेल लावून कापडात गुंडाळून दिली. निघताना काका दारातल्या मेझुझाला बोटं लावायला गेले तर तो सुटून त्यांच्या हातात आला. "दाविद, हे बघ तुझं," म्हणाले आणि खळखळून हसले. बाबाही हसले. ती दोघांची एकत्र अशी शेवटची आठवण माझ्याजवळ आहे, आणि ती हसण्याची आहे, हे मी पुष्कळदा स्वतःला सांगते.

तिकडून पत्रं यायची, आईच्या नावानं, खाली सगळ्यांना सलाम. दक्षिणेकडच्या एका गावात चार मजली चाळवजा इमारतीत त्यांना खोली मिळाली होती आणि दरवाजांच्या कारखान्यात काम. एकदा लिहिलं: "इथे सगळी दारं सपाट, सगळी एका मापाची. दाविदला सांगा, त्याला हवं ते गाव मला मिळालं." बाबांनी ते पत्र वाचून घडी घातली आणि आईला परत दिलं. त्यांनी उत्तर लिहायला घेतलेलं मी पाहिलं आहे. 'आदरणीय दादा' आणि खाली कोरा कागद. काही वर्षांनी तिथून फोन आला की काका गेले. बाबांनी मोजायची टेप मागितली आणि संध्याकाळपर्यंत घराची मापं घेत बसले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतरच कधीतरी ते मला म्हणाले, "गव्हाणला जाऊन येऊ." रिक्षानं गेलो. काशिनाथशेट म्हातारे झाले होते. घराला वर दोन सिमेंटचे सिंह, गच्चीला रंगीत कठडा, आणि पुढच्या दाराला आमची चौकट. डाळिंबाला शेंदूर लावलेला होता. मेझुझाच्या तिरप्या खोबणीत उदबत्त्या खोचलेल्या होत्या. "या सायेब, वाकून या, डोका संभाला," काशिनाथशेट म्हणाले. बाबांनी मान डाव्या खांद्यावर टाकली आणि आत गेले. चहा घेतला. भाताच्या पिकाबद्दल बोलले. निघताना पुन्हा तसेच वाकले, आणि बाहेर आल्यावर खोबणीच्या कडेवरून अंगठा फिरवला. परतीच्या वाटेवर न्हावा शेव्याच्या ट्रकांच्या रांगेत आम्ही बराच वेळ अडकलो होतो. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा ते घर गेलं. काशिनाथशेटची मुलं उलव्याला टॉवरमध्ये राहायला गेली. चौकटीचं काय झालं हे मी विचारून पाहिलं. कुणाला सांगता आलं नाही.

आई गेली. मी लग्न होऊन पनवेलमध्येच राहिले, आता बाबांजवळ त्याच घरात आहे. ते नव्वदीला आले आहेत. मोठमोठ्या गोष्टी विसरतात, बारीकसारीक लक्षात ठेवतात. गेल्या पावसाळ्यात ते आजारी होते, दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. रिक्षातून उतरवून, काखेत हात घालून मी त्यांना दारापाशी नेलं. सात फुटी चौकट. त्यांची उंची आता पाच फूट आठ इंच उरली आहे, दवाखान्यात मोजली होती. दारात आल्यावर ते थांबले. मान डाव्या खांद्यावर टाकली, गुडघ्यांत थोडे वाकले, आणि वर काहीही नसताना, जपून आत गेले. आत पाऊल पडल्यावर पुन्हा ताठ झाले.

मला वाटलं, अशक्तपणामुळे. म्हणून म्हटलं, "बाबा, वाकायची गरज नाही. दार उंच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"असू दे," म्हणाले. "बेनदादाला सांग, चौकट तीच राहू दे. मी वाकेन."

मी म्हटलं, "सांगते." आणि दार लावून घेतलं.